चार महिन्यांच्या बोलीवर

१२ जानेवारी

ताई,

नमस्काराचं नंतर बघू. आधी सांग, माझी आधीची दोन पत्रं पोचली का? एखादं पत्र पोस्टमन हरवतो, मान्य. दोन्ही हरवायला तो काही आमच्या ह्यांचा भाऊ नाही.

आम्ही मजेत आहोत. लाँड्रीच्या मागे खोल्यांची रांग आहे, त्यातली सातवी आमची. वर पत्रा आहे, पण भिंती विटांच्या आहेत. दाराबाहेर सगळ्यांचा मिळून एक नळ. सकाळी पाच ते आठ आणि दुपारी चार ते सहा, मनगटाएवढी धार! पहिल्या दिवशी मी घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं, वाट्यासुद्धा. शेजारीण हसायला लागली. म्हणाली, "अगं, उद्याही येणार आहे पाणी." ही बाई एकदा बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. ती आणि मी एकाच रोलरवर आहोत.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची टपरी समजू नकोस. चार इस्पितळांच्या आणि सहा हॉटेलांच्या चादरी इथे येतात. पुरुषभर उंचीचे ड्रम आहेत. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडी द्यायची. पलीकडच्या दोघी ती कोरडी, कडक बाहेर काढतात. कोपरा तिरका गेला की चादरीला सुरकुती आणि आपल्याला शिवी. मला आता शिवी बसत नाही. एका ड्रमला एका खेपेला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात गावाकडे आमचे पंधरा दिवस निघाले असते. पहिला आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीत गटारापाशी जाऊन उभी राहायची. ऊन ऊन, निळीचं पाणी नुसतं वाहून जात होतं. एकदा हात घातला त्यात. रेडिओ ओरडली, "वेडी का तू, घाण आहे ती!" घाण असेल. पण पाणी होतं गं.

हे रस्त्याच्या कामावर आहेत. विहिरी खणण्यात जन्म घालवलेला माणूस आता जमिनीवर डांबर ओततो आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. थोरली शाळेत जाते. तिचं अक्षर माझ्यासारखं आहे, म्हणजे तुझ्यासारखं.

आता मुद्द्याचं. धाकटीला तुझ्याकडे ठेवलं ते चार महिन्यांच्या बोलीवर. या महिन्यात चौदा होतील. तेव्हा तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. नर्सबाईंची ती रंगीत पट्टी दंडाला लावली की लाल रंगातच थांबायची. तशा पोरीला घेऊन काम शोधत हिंडणं म्हणजे तिला वाटेत टाकण्यासारखंच होतं. तुझ्या गावाला नदी आहे, भाऊजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालतं, तुझं शिवणकाम आहे. तू तिला माझ्या कडेवरून घेतलंस, उपकार झाले. पण आता आमची घडी बसली आहे. एप्रिलमध्ये मी तिला न्यायला येते. तिला आत्तापासून सांगत जा, एकदम नेली तर बिचकेल.

जेवते ना ती तिथे? आमच्याकडे वाटी पुढे केली की तोंड फिरवायची. मेलीचे नखरे.

उत्तर पाठव. या खेपेला नक्की.

तुझी ठेंगू


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. आधी उभ्यानं, मग बसून, आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं, कारण रेडिओला ऐकायचं होतं. वाचून झाल्यावर ती पाच मिनिटं गप्प होती. लाँड्रीत त्याचीच बातमी झाली.

धाकटीला बालवर्गात घातलंस, छान केलंस. तिच्या नावापुढे भाऊजींचं नाव लावलंस, ते कशाला? म्हणे शाळेत सोयीचं पडतं. पोरीचं नाव म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, हा काढला आणि तो घातला?

ती तुला आई म्हणते, असं लिहितेस. "मी शिकवलं नाही, आपणहून म्हणायला लागली." असेलही. तेवढ्याशा जिवाला जी घास भरवते ती आई. मी तिच्यावर रागावलेले नाही. रागावले आहे ती तुझ्यावर. हाक मारल्यावर "मी मावशी गं" एवढं म्हणायला तुझी जीभ का जड झाली?

ती पाव लपवते म्हणतेस. फ्रॉकच्या खिशात, उशीखाली, भाऊजींच्या सुट्या भागांच्या खोक्यातसुद्धा. घड्याळांना मुंग्या लागल्या. आणि मग विचारतेस, "काय केलंस गं पोरीचं?" मी काय केलं? दोन वर्षं आभाळ मी बांधून ठेवलं होतं? बेचाळीस घरांचं गाव, आम्ही निघालो तेव्हा अकरा घरांतून धूर निघत होता. शाळेच्या मास्तरांनी फळ्यावर तारीख लिहिली आणि निघून गेले. ती तारीख पुसायलाही कुणी मागे राहिलं नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही कोण कुणाचं काय करतंय.

आणि सगळ्यात शेवटी, जणू आठवलं म्हणून: "तुझ्या नवऱ्याची संमतीची सही आहे."

रविवारी हे आले. पायांना डांबर, हातात पिकलेल्या केळ्यांची पिशवी. मी ताट वाढलं नाही. तुझं पत्र पुढ्यात ठेवलं.

"ही सही तुमची?"

त्यांनी पत्र उलटं करून पाहिलं, जसं काही मागच्या बाजूला उत्तर लिहिलंय.

"भाऊजी आले होते कामावर. थंडीच्या सुरुवातीला. म्हणाले, शाळेसाठी कागद लागतो."

"आणि तुम्ही दिलात."

"पोरीचं पोट भरतंय तिथे. इथे आपण दोघं कामावर. ती कुणाच्या जिवावर राहणार?"

"मला का नाही विचारलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

बघ, माणूस खोटं बोलत नाही, एवढा एकच गुण मी पदरात पाडून घेतलाय. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "साठ हात खणलं गं मी. साठ हात. माती ओली म्हणून लागली नाही. मला वाटलं, एक तरी पोर ओल्या जागी राहू दे."

मी ताट वाढलं. काय करणार? पण जेवायच्या आधी सही रद्द केल्याचा कागद त्यांच्याकडून लिहून घेतला. तो सोबत जोडला आहे. भाऊजींना दाखव आणि शाळेतही दाखव.

आणखी एक. "आई असतीस तर सोडून गेली नसतीस" हे वाक्य तू पत्राच्या कडेला, उभं, बारीक अक्षरात लिहिलं आहेस. मध्ये लिहायचा धीर झाला नाही वाटतं. आपली आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. पाटीवर माझा हात धरून अक्षरं तू गिरवून घेतलीस. त्याच अक्षरांत, पानाच्या मध्यावर, ठळक लिहिते. मी तिची आई आहे. सोडून गेले तरी आहे. तुला पटो न पटो, आहे.

धाकटीची आई


६ फेब्रुवारी

ताई,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि दोन दिवसांत दोनदा हात भाजून घेतला. रोलर तोच आहे, लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्या पत्रात लिहिलेलं सगळं खरं होतं, पण खरं सगळं त्यात नव्हतं. ते आता लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

थोरली शाळेत जात नाही. दाखला नाही म्हणून घेत नाहीत. ती माझ्याबरोबर लाँड्रीत येते आणि हॉटेलांचे नॅपकिन घडी घालते. सकाळी आठ ते चार. सुपरवायझर म्हणतो, लहान बोटांची घडी सुबक येते. दहा वर्षांची आहे. सोड्यानं तिच्या बोटांची टोकं सोललीत. हे एक.

दुसरं. धाकटी नखरे करत नव्हती.

गावातले शेवटचे तीन महिने मदतीचं धान्य यायचं, पण कधी यायचं, कधी नाही. दिवसाला एक पातेलं पेज. हे विहिरीच्या कामासाठी परगावी, खाणारे आम्ही तिघी. थोरली रोज माझ्याबरोबर दोन कोस चालून पाणी आणायची. तिच्या पायांत बळ हवं होतं. ती पडली असती तर पाणीही गेलं असतं. धाकटी भिंतीला टेकून बसलेली असायची. मी तळाचं घट्ट थोरलीला वाढायची आणि वरचं पाणी धाकटीला. एखाद्या दिवशी चुकून नाही. रोज, ठरवून. मनाशी म्हणायची, दोघींना अर्धं अर्धं दिलं तर दोघी जातील, एकीला पुरतं दिलं तर एक तरी राहील. राहील ती कोण, हे मी ठरवलं होतं.

धाकटीला कळत होतं. ती माझ्याकडे बघायची नाही, थोरलीच्या वाटीकडे बघायची. एकदा थोरलीनं आपल्या वाटीतलं तळहातावर घेऊन तिला गुपचूप भरवलं. मी पाहिलं आणि थोरलीला मारलं. भरवलं म्हणून मारलं, ताई. तर ती पाव का लपवते, हे तू मला विचारू नकोस. तुझ्याआधी मला माहीत आहे.

मग नर्सबाई पट्टी घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिला आजच्या आज हलव, नाहीतर पुढच्या खेपेला मी हिचं नाव खोडायला येईन." तेव्हा कुठे मला तुझं घर आठवलं. त्याआधी का नाही? तर तू लग्नाच्या वेळी म्हणाली होतीस, "विहीर खणणाऱ्याशी लग्न करतेस, एक दिवस माझ्या दारात येशील." मला ते खोटं पाडायचं होतं. माझ्या ताठ्यापायी पोर जात होती. ती लाज माझी, मी ती कुणावर ढकलत नाही.

पण भुकेची लाज मी घेणार नाही. ती माझी नव्हे. ज्यांच्या पातेल्यात दोघींपुरतं असतं त्यांच्यावर निवडायची वेळ येत नाही, आणि मग ते स्वतःला चांगले समजतात. तेच पातेलं पुन्हा माझ्या हातात दिलं तर मी काय करीन, मला आजही सांगता येत नाही.

आता तुझ्या हातात काठी दिली आहे. हवं तर हे पत्र शाळेत दाखव, कचेरीत दाखव. "ही बघा आई" म्हण. मी नाकारणार नाही. माफी मात्र तुझ्याकडे मागणार नाही. मागायची ती तिच्याकडे मागेन, आणि त्यासाठी ती माझ्याजवळ हवी.


१६ मार्च

ताई,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी वाट बघत बसले नाही, तुला वाटत असेल तर.

ते पत्र पोस्टात टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी थोरलीला नॅपकिनच्या टेबलावरून उठवलं. सुपरवायझर म्हणाला, "पोरीला घरी बसवून काय करणार? इथे निदान डोळ्यासमोर आहे." मी म्हटलं, "शाळेत घालणार." तो हसला. त्याच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण थोरली सुद्धा हसली. ते लागलं.

शाळा पलीकडच्याच रस्त्यावर आहे. हिरवं फाटक, व्हरांड्यात झाडाच्या कुंड्या. मोठ्या बाई टेबलामागून वर न बघता म्हणाल्या, "जुन्या शाळेचा दाखला?"

"शाळा बंद पडली, बाई. मास्तर आमच्याही आधी गेले."

"मग जन्माचा कागद, राहण्याचा पुरावा?"

"राहते लाँड्रीच्या मागे. पुरावा म्हणून माझे हात बघा."

"दाखल्याशिवाय नाव घालता येत नाही. दाखला आणा, मग बघू."

"कुठून आणू? गावात दाखला द्यायला एक म्हातारा आणि दोन कुत्री उरलीत."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शिपायानं फाटकातूनच परत पाठवलं. घरी आले आणि रेडिओसमोर तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आपल्या रांगेत शाळेच्या वयाची किती पोरं आहेत, मोजलीस कधी?"

मोजली. अकरा. सगळी आमच्यासारख्याच गावांतली. कुणाची विहीर आटली, कुणाची जनावरं गेली, एकीचा नवरा. कुणाकडेच दाखला नव्हता. आणि प्रत्येकीला वाटत होतं की नड फक्त आपलीच आहे, म्हणून कुणी कुणाला बोललं नव्हतं. पाच पोरं तर माझ्यासमोर नॅपकिन घडी घालत होती गं. मी रोज बघत होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही नऊ बायका आणि अकरा पोरं शाळेत गेलो. अंगावर लाँड्रीचे ओले ॲप्रन. शिपाई आडवा आला, तर रेडिओनं त्याच्याशी त्याच्या घरच्यांची चौकशी सुरू केली. तो "बरी आहेत" म्हणेपर्यंत आम्ही आत. पोरांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं, उंचीप्रमाणे. मोठ्या बाई बाहेर आल्या.

"हा काय प्रकार आहे?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाही म्हणा. आम्ही निघून जातो. फक्त कागदावर लिहून द्या, या अकरा पोरांना घेत नाही आणि का घेत नाही. खाली सही करा. तोंडी ‘नाही’ आम्ही तीनदा ऐकलं, आता लेखी द्या."

आमच्यातली एक म्हणाली, "अकरा कागद वेगवेगळे द्या बरं का, एकत्र नको." कुणी हसलं नाही. वर्गांच्या खिडक्यांत पोरांची डोकी जमली. तेवढ्यात एका तरुण बाईंनी वर्गातून खडू आणला आणि व्हरांड्यातल्या फळ्यापाशी पहिल्याच मुलाला विचारलं, "तुझं नाव लिहिता येतं का?" त्यानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं. थोरलीनं आपलं लिहिलं, त्याखाली वडिलांचं, आणि त्याखाली न विचारता धाकटीचं.

मोठ्या बाईंनी बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वयावरून वर्गात बसवा. कागदांचं मी बघते." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला बोलायला कोणी शिकवलं हो?" मी म्हटलं, "बहिणीनं." तू शिकवलंस, ते नाकारून कसं चालेल?

आम्ही परतलो तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. सुपरवायझर अर्धा दिवस कापायची भाषा करत होता. रेडिओ त्याला म्हणाली, "कापा साहेब. पण आम्ही नऊजणी आता घरी गेलो तर रोलर थंड पडेल, आणि इस्पितळाची गाडी चारला येते." त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि गेला. परवा त्याच्याकडून फाटक्या चादरींची खोली रिकामी करून घेतली. तिथे लहान पोरं बसतात आणि आम्ही पाळीनं त्यांच्यावर लक्ष ठेवतो. महिन्यातून एकदा नर्स येते, दंडाची पट्टी घेऊन.

तेव्हा "ती कुणाच्या जिवावर राहणार" याचं उत्तर तयार आहे. १७ एप्रिलला सकाळच्या बसनं निघते, दुपारी पोचेन. पोरीच्या जन्माची नोंद आणि सही रद्द केल्याच्या कागदाची दुसरी प्रत बरोबर आणते. तू दाराला कडी लावलीस तर मी पायरीवर बसेन. मला बसायची सवय झाली आहे.

तुझी बहीण, तुला आवडो न आवडो


५ मे

ताई,

त्या दिवशी मी भांडायच्या पूर्ण तयारीनं आले होते. बसमध्ये वाक्यं पाठ करत होते. तू दार उघडलंस आणि माझं एकही वाक्य लागलं नाही. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. सात फ्रॉक, प्रत्येकाला खाली चार बोटं दुमड सोडलेली, वाढत्या अंगासाठी. तू "ये" म्हणालीस, पाणी दिलंस, तिच्या केसांची वेणी घातलीस आणि आत जाऊन मशीनवर बसलीस. मशीनवर कापड नव्हतं, ताई. नुसत्या सुईचा आवाज वेगळा असतो. मीही तुझ्याच घरात वाढले.

तू आत होतीस, म्हणून तुला माहीत नाही भाऊजी काय म्हणाले ते. त्यांनी शाळेचा कागद माझ्या हातात ठेवला. नाव बदललेलं होतं, आमच्या ह्यांचं लावलेलं. तारीख पाहिली तर फेब्रुवारीची.

"तुझं ते दुसरं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आली," ते म्हणाले.

"मग मला कळवलं का नाही?"

"रोज लिहायला बसायची आणि फाडायची. एकच म्हणायची, पाऊस नाही हे मला माहीत होतं. पेपरात येत होतं. ती मागेल तेव्हा बघू म्हणून मी बसून राहिले." मग ते डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं घालून बसले. त्यांच्या हातातलं घड्याळही बंदच होतं.

तर असं आहे. मी मागितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. आपण दोघी एकाच आईच्या, ताठ्यात कुणी कमी नाही. याचा हिशेब मी करत नाही आणि तूही करू नकोस. तो केला तर आपण दोघी मशीन चालवत बसू आणि पोर तिसरीकडेच राहील.

बसमध्ये ती शहाण्यासारखी बसली. वाटेत विचारलं, "मावशी, आपण परत कधी येणार?" मी म्हटलं, "मी आई आहे गं तुझी." ती म्हणाली, "हो, माहीत आहे. पण परत कधी?"

पंधरा दिवस तिनं माझ्या हातचं काही खाल्लं नाही. खोटं सांगत नाही. मी वाढलं की हात मागे. थोरलीनं तेच ताट उचलून पुढे केलं की खाते. मी नर्सना विचारलं, त्या म्हणाल्या वजन घटत नाही, घाई करू नका. घाई मी करत नव्हते, पण रोज दोन्ही वेळेला तिच्यासमोर वाटी धरत होते. बाकीच्या म्हणायच्या, थोरलीला वाढू दे ना, खाते ना ती. मी म्हटलं, नाही. ती कितीदा नाही म्हणाली तरी तिला देणारी मीच असणार. तिला नाही म्हणायचा हक्क आहे. मला थांबायचा नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी नळावर रांग होती. मी तिचे पाय धुवायला गेले, तर तिनं पाय झटकला आणि सगळ्यांसमोर, जेवढा आवाज आहे तेवढ्यानं ओरडली, "तू मला टाकून गेलीस!"

सगळी रांग आमच्याकडे वळली. रेडिओसुद्धा.

मी म्हटलं, "हो. गेले."

तिला वाटलं असावं मी नाही म्हणेन. तिनं विचारलं, "का?"

"आपल्या गावाला पाणी नव्हतं. खायला नव्हतं. जे होतं ते मी तुला कमी दिलं आणि तुझ्या ताईला जास्त. ते चुकीचं होतं. मग तू आजारी पडलीस, म्हणून मावशीकडे ठेवलं. बाकीचं तू मोठी झालीस की सांगेन."

"आत्ता सांग."

कुणाची मुलगी आहे! मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि सांगितलं. तिला समजेल तेवढं, पण खरं. बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या, नळ वाहत होता, कुणी पुढे सरकलं नाही. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "तू माझ्यावर रागावू शकतेस. कितीही दिवस. पण मी आता कुठे जाणार नाही." तिनं बादलीतला मग उचलला आणि पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मग आणखी एक. थोरली तिला आवरायला धावली, मी हात करून थांबवलं. तिसऱ्या मगाला तिचा हात दुखला असावा.

ताई, सुट्टी लागली की तू ये. तिला परत न्यायला नव्हे, ते मनातून काढून टाक. राहायला ये. ती तुझी आठवण काढते आणि मी तिला थांबवत नाही. स्टँडवरून लाँड्रीपर्यंत चालत दहा मिनिटं. फाटकावरचा माणूस अडवेल, त्याला सांग सातव्या खोलीतलीची बहीण आहे. मग तो अडवणार नाही, त्याला अनुभव आहे. खोली लहान आहे, तिघींच्या जागी चौघी झोपू. भांडण उरलंच असेल तर तेही घेऊन ये, समोरासमोर संपवू.

गुरुवारचं सांगायचं राहिलं. ओल्या कपड्यांनीच घरी आलो. मी भात आणि उकडलेलं अंडं वाटीत घातलं, तिच्यासमोर ठेवलं आणि पाठ करून केस पुसत बसले. मागे चमच्याचा आवाज आला. मी वळले नाही. थोरली डोळे मोठे करून बघत होती, तिलाही खूण केली, बघू नकोस. बऱ्याच वेळानं वाटी जमिनीवरून सरकत माझ्या गुडघ्याला येऊन लागली. अर्धा भात तसाच होता.

"नको मला," ती म्हणाली. "पोट भरलं."

आमच्या घरात हे वाक्य कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "मग ऊठ. हात धू."